नानांची जागा

माझ्या दुकानात टीडीकेची एक नव्वद मिनिटांची कॅसेट होती. तिच्या पाठीवर मी बॉलपेनने लिहिलं होतं : 'जेनेसिस – गायक गेल्यावरची'. गिऱ्हाईकं हसायची. एकाने तर विचारलं, "गेला म्हणजे वारला का हो?" वारला नव्हता. सोडून गेला होता.

धुळ्यात आग्रा रोडला माझं कॅसेटचं दुकान होतं, 1986 पासून 2007 पर्यंत. टेपरेकॉर्डरच्या भरतीला उघडलं आणि ओहोटीला बंद केलं. खप असायचा तो अहिराणी गाण्यांचा, भीमगीतांचा, लगीनसराईत बँडवाल्यांना लागणाऱ्या नव्या फिल्मी गाण्यांचा आणि आषाढात अभंगांचा. इंग्रजीचं गिऱ्हाईक एकच, डोळ्यांचे एक डॉक्टर. मुंबईला शिकले होते आणि येताना तबकड्यांची ट्रंक घेऊन आले होते. शिबिरांच्या निमित्ताने शिरपूर-दोंडाईचाच्या रस्त्यावर त्यांची फियाट सारखी पळायची. गाडीत तबकडी कुठून वाजणार? म्हणून ते एकेक तबकडी माझ्याकडे आणून कॅसेटवर उतरवून घ्यायचे. कायदा याला चोरी म्हणतो. आम्ही 'भरून देणं' म्हणायचो.

ती तबकडी होती 'अ ट्रिक ऑफ द टेल', 1976 सालची. जेनेसिस हा विलायतेतला बँड. ज्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, त्यातला : वीस-वीस मिनिटांचं गाणं, मात्रांचे आडवेतिडवे हिशेब, मध्येच चर्चमधल्यासारखी पेटी. पीटर गॅब्रिएल हा त्यांचा गायक स्टेजवर मुखवटे घालून गायचा, आणि लोकांच्या लेखी जेनेसिस म्हणजे तोच. 1975 साली तो बाहेर पडला. उरलेल्यांनी नवा गायक शोधण्यासाठी पुष्कळ जण गाऊन पाहिले, कोणी पटेना, शेवटी मागे ड्रम वाजवणारा फिल कॉलिन्स पुढे येऊन गायला लागला. त्यानंतरची ही पहिली तबकडी. पुढे 1977 ला गिटारवाला स्टीव्ह हॅकेटही गेला, तेव्हा राहिलेल्यांनी आपली शिरगणती थेट तबकडीच्या नावातच घातली : '...अँड देन देअर वेअर थ्री...', म्हणजे मग उरले तीन.

डॉक्टर दरवेळी सांगायचे, हे काही खरं जेनेसिस नव्हे. आणि दरवेळी हीच कॅसेट घासून गेली म्हणून परत भरून मागायचे.

माझ्या दुकानाला लागून शिंप्याचं दुकान होतं. त्यांना सगळे नाना म्हणत. आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात जे भजनी मंडळ बसतं, त्याची पेटी नानांकडे आणि गळाही नानांकडे. मी तबकडी भरत होतो तेव्हा ते काज करत बसले होते. पहिलंच गाणं सुरू झालं आणि त्यांची सुई थांबली. पाय हलायला लागला. "सात," ते म्हणाले. "सात मात्रा शेत. रूपक." इंग्रजीतलं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं, पण हिशेब बरोबर होता. मी त्यांना गायक सोडून गेल्याची हकीकत सांगितली. त्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, "गाणारा गया, मंग नाव कोनाकडे ऱ्हायनं?"

प्रश्न वाटणीचा होता. शेत कोणाकडे, घर कोणाकडे, नाव कोणाकडे. मी म्हटलं, जे राहिले त्यांच्याकडे. नाना परत काजाला लागले, पण त्यांना काही ते पटलेलं दिसलं नाही.

नावाच्या वाटणीचे तंटे त्या मुलुखातही होतातच. 'येस' नावाच्या बँडमधून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडलेले चौघे 1989 साली एकत्र आले, पण नाव दुसऱ्या बाजूला, ख्रिस स्क्वायर या बासवाल्याकडे राहिलेलं. मग चौघांनी आपली चार आडनावं ओळीने लिहून तबकडी काढली. वकिलाच्या पाटीसारखं ते नाव. पुढे 2015 ला स्क्वायर वारला तेव्हा 1968 च्या मूळ पाचांपैकी बँडमध्ये एकही माणूस नव्हता. बँड चालू आहे. याला हसण्याचा आम्हाला अधिकार नाही. नानांच्या मागे आमच्या मंडळातही भांडण झालं, चार टाळकरी उठून पलीकडच्या गल्लीत गेले, आणि आता दोन्ही फलकांवर 'जुने भजनी मंडळ' असंच लिहिलेलं आहे. नवं म्हणवून घ्यायला कोणी तयार नाही.

माणसं बदलली तरी तेच ते कसं राहतं, आणि राहतं असं म्हणायला आपल्याजवळ पुरावा काय, एवढाच माझा प्रश्न आहे. तो मी पुस्तकातून उचललेला नाही. तो मला काज करणाऱ्या माणसाने विचारला आणि पुढे त्याच्या मरणाने परत विचारला.

नाना 2012 च्या पौषात गेले. दमा होता. मंडळात त्यांच्या जागी कोण बसणार हे ठरेना. कारण नाना एक नव्हते, दोन होते. गाणारे वेगळे आणि पेटी वाजवणारे वेगळे, असं त्यांच्या बाबतीत कधी कोणाच्या मनातच आलं नव्हतं. शेवटी पेटी माझ्याकडे आली. मी काही फार वाजवणारा नव्हे, पण वीस वर्षं त्यांच्या डाव्या हाताला बसून पाहिलेलं. गायला एक पोरगा आला. तेव्हा तो नववीत होता, आता लग्नाच्या बँडमध्ये ऑक्टोपॅड वाजवतो. त्याचं घर नुकतंच गल्लीत आलेलं. त्याने नानांना कधी ऐकलेलं नव्हतं.

त्याच सुमारास मला 'इंडियन ओशन'ची खरी गोष्ट कळली. हा दिल्लीचा बँड, 1990 चा. त्यांची 'कंदिसा' ही 2000 सालची कॅसेट मी दुकानात ठेवली होती. तीन विकल्या गेल्या. त्यातलं 'मा रेवा' हे नर्मदेच्या खोऱ्यातलं लोकगीत. बँडमधले राहुल राम हे परदेशात पीएच.डी. करून आले आणि गिटार धरण्याबरोबरच काही वर्षं नर्मदा बचाव आंदोलनात राहिले, त्या दिवसांतलं हे गाणं. आम्हा धुळेकरांना हे खोरं परकं नाही. 1998 च्या जुलैत नंदुरबार वेगळा होईपर्यंत अक्कलकुवा आणि अक्राणी धुळे जिल्ह्यातच होते, बुडणारं मणिबेली आमच्याच जिल्ह्याच्या नकाशावर होतं, आणि मोर्चे यायचे ते आमच्याच कलेक्टर कचेरीवर. त्यामुळे कॅसेटवर 'रेवा' ऐकू आलं तेव्हा मला विलायती बाजाखाली ओळखीचे पाय वाजल्यासारखे वाटले.

या बँडमध्ये अशीम चक्रवर्ती मांडी घालून तबल्यावर बसायचे आणि तबला वाजवता वाजवता गायचे. म्हणजे नानांसारखेच, एकात दोन. 2009 च्या 25 डिसेंबरला ते गेले. त्यांचा आवाज भरून ठेवलेली गाणी मागे होती. बँडने ती 2010 मध्ये महिन्याला एक याप्रमाणे इंटरनेटवर सोडली, फुकट, ज्याला हवं त्याने घ्यावं. संग्रहाचं नाव '16/330 खजूर रोड'. दिल्लीत करोल बागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात ते वर्षानुवर्षं सराव करत, त्याचा हा पत्ता. माझा मुलगा पुण्याला शिकत होता, सुटीत तो ही गाणी पेन ड्राइव्हवर घेऊन आला. मी दुकानदार माणूस, पहिल्यांदा मनात आलं ते हे की फुकट कशाला? मग लक्षात आलं की आपल्याकडे श्राद्धाच्या जेवणाचे पैसे घेत नाहीत. माणूस गेल्यावर महिन्याला एक, म्हणजे मासिक श्राद्धच की. हे त्यांच्या मनात असेल असं मी म्हणत नाही. माझ्या मनात आलं.

पुढे त्यांच्या जागी दोघे आले. गायला हिमांशू जोशी, तबल्याला तुहीन चक्रवर्ती. 2013 साली तर ज्यांच्या गिटारपासून बँड सुरू झाला ते सुस्मित सेनही बाहेर पडले. निखिल राव आले. या अदलाबदलीच्या सांध्यावर 2014 साली 'तंदानु' निघाला आणि त्यात गाण्यागणिक कोणी ना कोणी पाहुणा कलावंत बोलावलेला आहे. घरातलं माणूस कमी झालं की काही दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, तसं मला ते वाटतं. जाणकार अशा संग्रहाला 'संक्रमणकाळातला' म्हणतात आणि जरा हातचं राखून बोलतात : ना धड आधीचा, ना धड नंतरचा. मला नेमके हेच आवडतात. जमून गेलेल्या तबकडीत सांधे दिसत नाहीत. शिंप्याच्या शेजारी एकवीस वर्षं काढली म्हणून असेल, कापड उलटं करून शिवण बघायची मला सवय लागली आहे.

आता सप्ताहाचं सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिथे आहे.

आमचा अखंड हरिनाम सप्ताह चैत्रात असतो, रामनवमीला बसतो आणि हनुमान जयंतीला काल्याच्या कीर्तनाने उठतो. ऊन बेचाळीसच्या पुढे, देवळाचं पत्र्याचं छत तापलेलं, कूलर आहे पण त्याच्या आवाजात भजन ऐकू येत नाही म्हणून बंद ठेवतात. या सात दिवसांत वीणा जमिनीला टेकवायची नाही. रात्रंदिवस कोणाच्या तरी गळ्यात ती असली पाहिजे आणि तार वाजत असली पाहिजे. त्यासाठी पहारे लावतात, दोन-दोन तासांचे. यादी भिंतीवर चिकटवलेली असते. रात्री दोन ते चारचा पहारा कोणाला नको असतो. तो वर्षानुवर्षं माझ्या वाट्याला आला, कारण दुकान उशिरा बंद करणाऱ्याला झोप कमी असते असा गल्लीचा समज.

पहारा बदलतो तो क्षण बघण्यासारखा असतो. येणारा आधी वीणेला हात लावून नमस्कार करतो. मग दोघे एकमेकांच्या पाया पडतात, वय कितीही असो. साठीचा म्हातारा आठवीतल्या पोराच्या पाया पडतो, आणि पोरगं संकोचाने अर्धं वाकतं. मग जाणारा पट्टा आपल्या डोक्यावरून काढतो, पण डाव्या हाताने दांडी सोडत नाही. पट्टा येणाऱ्याच्या गळ्यात पडतो. आणि तारेवर? तारेवर त्या वेळी दोन बोटं असतात. येणाऱ्याचं बोट वाजायला लागलं की मगच जाणाऱ्याचं निघतं. चार-सहा झंकार असे असतात की ते कोणाचे, हे सांगता येणार नाही. पहाटे दोन वाजता, अर्धवट झोपेत, देवळात आम्ही दोघेच असताना हे मी कितीतरी वेळा केलं आहे. आणि मला नेहमी वाटतं की सप्ताहात खरा सप्ताह असतो तो या चार-सहा झंकारांत. बाकीचे दोन तास म्हणजे एका माणसाने वीणा वाजवली, इतकंच.

'अ ट्रिक ऑफ द टेल' काय, '16/330' काय, मी ते याच कानाने ऐकतो. दोन बोटं आहेत का तारेवर?

हाच प्रश्न एका जुन्या बौद्ध ग्रंथातही आहे. मिलिंद राजाने नागसेन भिक्षूला विचारलं होतं, तू कोण? नागसेनाने उलट विचारलं, तू इथे आलास तो रथात बसून ना? मग सांग, रथ म्हणजे काय. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ? जू, दांडी, साटा? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. मग ही सगळी सोडून रथ वेगळा आहे? तेही नाही. रथ हे नाव आहे, व्यवहारापुरतं. नागसेन हेही तसंच.

रथाचं उदाहरण खानदेशात सांगायचं तर जरा जपून. आमच्याकडे गावोगाव रथ आहेत. पारोळ्याचा बालाजीचा, अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेतला, जळगावचा श्रीरामाचा. माझी बहीण जुन्या जळगावात दिलेली, त्यामुळे कार्तिकी एकादशीचा रथ मी लहानपणापासून पाहतो आहे. अप्पा महाराजांनी 1872 मध्ये तो सुरू केला. प्रचंड लाकडी काम, अरुंद गल्ल्या, वळणं, उतार. घोडे नाहीत, इंजिन नाही, माणसं ओढतात. आणि तो सावरतात ते मोगरीवाले. मोगरी म्हणजे चाकाखाली घालायचा लाकडी ठोकळा. धावत्या चाकापुढे वाकून नेमक्या क्षणाला, नेमक्या कोनात मोगरी सरकवायची, की चाक थबकतं किंवा वळतं. हात काढायला पळभर उशीर झाला तर हात गेला. हे पाहून पाहून शिकायचं काम. जुना वाकलेला असतो, नवा त्याच्या शेजारी वाकलेला असतो.

नागसेनाच्या यादीत मोगरी नाही. मोगरी रथाचा भाग नाहीच, ती बाहेरची वस्तू. पण ती नसेल तर रथ पहिल्याच वळणावर कोणाच्या तरी ओसरीत घुसेल. मला वाटतं, राजाला भाग मोजायला लावण्यात नागसेनाची चलाखी आहे. रथ उभा असेल तर भाग मोजता येतात. चालत्या रथाला रथ ठेवणारी गोष्ट भागांमध्ये नसते, ती शेजारी वाकलेल्या दोन माणसांमध्ये असते.

त्याच ग्रंथात दुसरं एक उदाहरण आहे, ते मला जास्त जवळचं. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत, एकच का? एक नव्हे, आणि वेगळीही नव्हे. दोन ते चारचा पहारा केलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पण मी मूळचा अमळनेरचा. आणि अमळनेरच्या माणसाला हे इतक्या स्वस्तात सोडता येत नाही. आमच्या गावात प्रतापशेठांनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. गिरण्यांच्या, कापसाच्या गावात, निव्वळ विचार करण्यासाठी एक इमारत. साने गुरुजी तिथे काही काळ शिकायला होते. मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती अशी मंडळी तिथे बसून अद्वैतावर लिहीत होती आणि त्यांचं इंग्रजी त्रैमासिक जगभर जात होतं. माझे वडील बुक-बाइंडर. त्यांच्याकडे कधी कधी तिथली पुस्तकं बांधणीला यायची आणि ती पोचवायला मी सायकलवर जायचो. वडील फाटकी पानं काढून नवी चिकटवायचे, पुठ्ठा बदलायचे, शिवण उसवून परत घालायचे, आणि पावतीवर लिहायचे 'तेच पुस्तक, दुरुस्त'. तिथल्या एका वृद्ध अभ्यासकांनी ती पावती मोठ्याने वाचली आणि खूप हसले. मला वाटलं पैसे कापणार.

त्यांनीच मला बौद्धांवरचा शंकराचार्यांचा आक्षेप सांगितला. ब्रह्मसूत्रात 'अनुस्मृतेश्च' असं एक सूत्र आहे. आठवण होते, म्हणून. त्यावर आचार्य म्हणतात ते साध्या भाषेत असं : सगळंच क्षणोक्षणी बदलत असेल, तर काल पाहणारा वेगळा आणि आज आठवणारा वेगळा. मग 'काल मी पाहिलं तेच हे' असं म्हणणारा कोण? दोन क्षणांना जोडणारा कोणीतरी एक, दोन्ही वेळी हजर, हवाच. जेनेसिस बदललं असं म्हणायलासुद्धा न बदललेले डॉक्टर लागतात.

हा आक्षेप जबर आहे. चाळीस वर्षं तो माझ्या डोक्यात आहे. बौद्धांचं उत्तर मला पुढे वाचायला मिळालं : एक माणूस नको, प्रवाह पुरे; आधीच्या क्षणाचा संस्कार पुढच्या क्षणात उतरतो, कपाशीच्या बीला लाखेचा रंग द्यावा आणि बोंडातून लाल कापूस निघावा तसा. खानदेशातला कोणताही शेतकरी या दृष्टांताला हसेल. सरकीला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या काय काय चोळत आलो, कापूस पांढराच निघतो. म्हणून मी आचार्यांच्या बाजूने होतो. मागच्या दिवाळीपर्यंत.

दिवाळीच्या सफाईत माळ्यावरून दुकानातल्या कॅसेटचा एक खोका निघाला. बऱ्याच उन्हाने वाकड्या झालेल्या, काहींना बुरशी. त्यात आमच्या मंडळाच्या दोन होत्या, मीच देवळात भरलेल्या : एक 1988 च्या सप्ताहातली, एक 1996 ची. टेपरेकॉर्डर दुरुस्त करून देणारा आता धुळ्यात मिळत नाही, पण एकाने जुन्या दोन डेकचा एक करून दिला. (तेच यंत्र, दुरुस्त.)

आता काकड्यातली एक गौळण आहे, तिच्याविषयी सांगायला हवं. तिच्या तिसऱ्या चरणात आमच्या मंडळाची एक जागा आहे. चरण अर्ध्यावर आला की गाणं थांबतं, पेटी पंचमापासून गंधारापर्यंत उतरते, वळून परत वर येते, आणि मग गळा उरलेला अर्धा चरण उचलतो. पाहुणे कीर्तनकार हमखास मान डोलावतात. ती जागा नानांची, हे सगळ्यांना माहीत. नानांनंतर मी पेटीवर ती तशीच घेत आलो, आणि पोरगा नेमका तिथे थांबून नेमका उचलतो. त्याच्याइतकी सुरेख तर नानांनीही घेतली नसेल. आमचं म्हणून जे काही आहे, ते त्या जागेत आहे असं मी मानत होतो.

1988 च्या कॅसेटवर ती जागा नाही. नाना सरळ गाऊन जातात. एका दमात.

1996 च्या कॅसेटवर आहे. आणि डेकचा आवाज मोठा केला की पेटीच्या खाली, भात्याच्या आवाजात मिसळलेला दुसरा एक भाता ऐकू येतो. नानांचा. त्यांना तो चरण पुरत नव्हता. दम भरून घेण्यासाठी ते थांबत होते, आणि लोकांना कळू नये म्हणून बोटं पेटीवर फिरवत होते. गाणं संपल्यावर ते खोकतात, बराच वेळ.

मी ते पाच-सहा वेळा ऐकलं. मग अंगणात जाऊन बसलो.

पोराची फुप्फुसं धडधाकट आहेत. तो अख्खी गौळण एका दमात म्हणू शकतो. तरी तो तिथे थांबतो. एका माणसाचा दमा दुसऱ्याच्या निरोगी छातीत जागा करून बसला आहे, आणि याला त्याची काहीच आठवण नाही, कारण त्याने नानांना ऐकलेलंच नाही. मला आठवण होती म्हणावं, तर मलाही खरं कारण ठाऊक नव्हतं. मी जागा आठवत होतो, दमा नव्हतो आठवत. मग आचार्यांनी मागितलेला तो एक, दोन्ही वेळी हजर असणारा, इथे कोण? कोणीच नाही. तरी संस्कार उतरला आहे. बोंडातला कापूस लाल निघाला आहे, आणि शेतकऱ्याने हसावं की काय करावं ते त्याला कळत नाही.

याने आचार्य हरले असं मी म्हणणार नाही. ते म्हणतील, ती कॅसेट ऐकून चकित झालेला तू कोण ते आधी सांग. ते मला सांगता येत नाही. पण मंडळापुरतं, बँडपुरतं, गल्लीपुरतं मला आता असं दिसतं की 'तेच' राहायला आठवणाऱ्या माणसाची गरज नसते. जाणाऱ्याची उणीव येणाऱ्याच्या बोटात उतरण्याइतका वेळ दोघे शेजारी बसलेले असले म्हणजे झालं. मी नानांच्या शेजारी बसलो होतो. पोरगा माझ्या शेजारी बसला. गुणांचं म्हणाल तर ते शिकवूनही येतात, कॅसेटवरून उचलताही येतात. दम कुठे कमी पडतो, तो कसा झाकायचा, हे मात्र मांडीला मांडी लावून बसल्याशिवाय येत नाही.

ज्याला बदलायचंच नव्हतं अशा एकाची गोष्टही आमच्याकडेच आहे. मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ आहे. हतनूर धरणाचं पाणी फुगलं की संगम समुद्रासारखा दिसतो. चांगदेव चौदाशे वर्षं जगले म्हणतात. मरण आलं की श्वास वर ओढून धरायचे आणि काळ परत जायचा. एक माणूस, एक देह, चौदाशे वर्षं, कोणाला जागा द्यायची नाही. ज्ञानदेवांना पत्र लिहायचं तर वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार, हे ठरेना, म्हणून कोराच कागद पाठवला. इतकी वर्षं जगून अजून कोराच, असं मुक्ताबाई म्हणाल्याची कथा आहे. ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांनी उत्तर दिलं, आणि चांगदेवांनी पुढे गुरू केलं ते त्या लहानग्या मुक्ताईला. लहानपणी मला ही गोष्ट अहंकाराची वाटायची. आता दमाची वाटते. चौदाशे वर्षं ज्याने श्वास धरून ठेवला, त्याच्या गाण्यात जागा कुठून येणार?

परवा पोरगा घरी आला होता, सप्ताहाच्या फ्लेक्सवर कोणाकोणाचे फोटो घ्यायचे ते विचारायला. मी काही न सांगता 1996 ची कॅसेट लावली. पट्टी सैल झाली होती, आधी पेन्सिल घालून फिरवून घेतली. तो मोबाईल बघत ऐकत होता. तिसरा चरण आला, गळा थांबला, पेटी उतरली, वळली, वर आली. त्याने मान वर केली.

"आबा, हाऊ कोन शे?" तो म्हणाला. "मनी जागा ली ऱ्हायना."